पोराच्या खांद्याला झेपेल अशी

अमेरिकेत टेक्सास राज्याच्या दक्षिण भागात किंग रँच नावाची गुराढोरांची एक अवाढव्य जहागीर आहे. १९३० च्या सुमारास तिथल्या मालकांनी प्राणिसंग्रहालयांतून मिळवलेले काही परदेशी प्राणी आपल्या माळावर सोडले. हवा मानवली, चारा भरपूर, मागे लागायला वाघ नाही. आज त्या मुलखात त्या प्राण्यांची संख्या हजारोंच्या घरात आहे. हा प्राणी म्हणजे आपला रोही. पुस्तकांत ज्याला नीलगाय म्हणतात, मध्य प्रदेशात रोजडा म्हणतात, आणि आमच्या मोताळा-चिखली-मेहकरकडे ज्याचे नाव रात्री कुणी घेतले तर शेतकरी पुढचे ताट सारून बॅटरी शोधू लागतो, तोच. टेक्सासमधले शिकारी त्याच्याविषयी मोठ्या अदबीने बोलतात. छातीवरची कातडी जाड, अंगात दम दांडगा, गोळी वर्मी लागली नाही तर दिसेनासा होईपर्यंत धावत राहणारा. त्यामुळे उत्तरेकडे रॉकी पर्वतात एल्कसाठी जी रायफल वापरतात तीच ते रोह्यासाठी घेतात.

एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या जातकुळीतले, पण त्याहून थोराड हरीण. पुरा वाढलेला नर ३०० किलोच्या पुढे जातो. आपला रोह्याचा नर भरला तर २०० किलोच्या वर. म्हणजे दोन्ही जनावरे घोड्याच्या मापाची.

हे सगळे मला पाठ असण्याचे कारण असे, की गेल्या हिवाळ्यात घरच्याच दोघांनी पंधरा दिवसांच्या अंतराने मला एकच प्रश्न विचारला. महाविद्यालयात एन.सी.सी.चा अधिकारी म्हणून पॉइंट टू टू रायफलीवर पोरांना नेम धरायला शिकवण्यात माझी उमर गेली, म्हणून बंदुकीचे काही निघाले की नातेवाईक माझ्याकडे येतात. पहिला फोन पुतण्याचा, कोलोरॅडोहून. त्याचा मुलगा चौदा वर्षांचा. त्याच्या मित्राचे वडील शिकारी, त्यांनी पोराला एल्कच्या मोसमात बरोबर न्यायचे कबूल केले आहे. "काका, तुम्हीच सांगा, त्याच्या हातात कोणती रायफल द्यावी? द्यावी की नाही, ते सूनबाई ठरवेल!" दुसरा प्रश्न भाच्याचा. तो तेवीस वर्षांचा, बी.एस्सी. झालेला, बोथ्याच्या जंगलाला लागून सहा एकर जमीन करतो. तो आला, ओसरीवर बसला आणि पाणी पिण्याआधीच म्हणाला, "मामा, रोह्यायनं हरभरा सपाट केला. आता बंदूकच घ्या लागते. कोणती घेऊ, तेवढं सांगा."

पुतण्याला उत्तर देणे सोपे होते, कारण तिथे बरेचसे उत्तर कायद्यानेच देऊन ठेवले आहे. कोलोरॅडोत बारा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय मोठ्या जनावराच्या शिकारीचा परवाना मिळत नाही. सोळाच्या आतला मुलगा असेल तर मोठे माणूस बरोबर हवे. १ जानेवारी १९४९ नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला शिकारीच्या शिक्षणाचा वर्ग पुरा करून त्याचे कार्ड मिळवावे लागते. रायफलीच्या मोसमात डोक्यावर आणि अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड चढवल्याशिवाय रानात पाऊल टाकता येत नाही, कारण झुडपामागे हलणारी वस्तू हरीणच आहे असे दुसऱ्या शिकाऱ्याने समजू नये. आणि गोळीचेही माप ठरलेले. नळी निदान .२४ इंच व्यासाची, एल्कसाठी गोळी निदान ८५ ग्रेन म्हणजे साडेपाच ग्रॅमची, आणि शंभर यार्डांवर तिची ताकद निदान १००० फूट-पौंड. पदार्थविज्ञानाच्या भाषेत सुमारे १३५० ज्यूल.

ही खालची मर्यादा जनावराची दया म्हणून आहे. जनावर एका गोळीत पडले पाहिजे. मग वाटते, खालची मर्यादा कशाला, सगळ्यात जबर रायफल द्यावी. इथेच बापमंडळी फसतात. बंदूक जेवढी पुढे मारते तेवढीच मागे मारते. पोराच्या खांद्याला पहिल्या दोन बारांत सणसणीत धक्का बसला, की तिसऱ्या बाराला चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात आणि मान मागे जाते. मोठमोठ्या जवान गड्यांचे असे झालेले मी पाहिले आहे. एकदा ही भीती अंगात बसली की काढायला वर्ष जाते. म्हणून चौदा वर्षांच्या मुलासाठी जाणकार २४३ बोअर किंवा ७ मि.मी.-०८ अशी मधल्या ताकदीची रायफल सुचवतात. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांची जुनी आवडती ३०-०६ आहे, तिच्या धक्क्याच्या जवळपास निम्मा धक्का २४३ चा. पण २४३ ही एल्कसाठी अगदी उंबरठ्यावरची, तेव्हा ती हातात असेल तर जनावर जवळ आणि आडवे उभे असल्याशिवाय बार टाकायचा नाही. माझे मत ७ मि.मी.-०८ च्या बाजूने पडले.

ताकदीइतकेच महत्त्वाचे दुसरे माप दस्त्याचे. मोठ्या माणसाची रायफल पोराच्या हातात दिली तर दस्ता लांब पडतो, तो काखेजवळ कुठेतरी टेकतो आणि गालाची व नेमाची गाठ पडत नाही. हात कोपरात काटकोनात दुमडावा, दस्त्याचे मागचे टोक कोपराच्या खोबणीत ठेवावे, आणि बोटाचे पेर चापावर सहज पोचते का पाहावे. हे दोन मिनिटांचे काम दुकानातच करायचे. मग मोसमाआधी दोन महिने कागदी लक्ष्यावर सराव. शंभर यार्डांवर कपबशीतल्या बशीएवढ्या वर्तुळात पाचपैकी पाच गोळ्या जात नसतील तर त्या वर्षी रानात जायचे ते दुर्बीण घेऊन. पुतण्याने हे सगळे लिहून घेतले.

जिम कॉर्बेट लहान होता तेव्हा त्याच्या हातात आलेली पहिली बंदूक ठासणीची, दुनळी, आणि तिची उजवी नळी फाटलेली होती. दस्ता आणि नळ्या पितळी तारेने एकत्र बांधलेल्या. चालायची ती एकच नळी. त्याने ते स्वतःच 'जंगल लोअर'मध्ये सांगून ठेवले आहे. पण तो नैनितालजवळच्या रानात पाखरांवर शिकला, आणि एक बार म्हणजे एक बार हे त्याच्या अंगी मुरले. रोह्यासारख्या जनावरापुढे तशी बंदूक घेऊन उभे राहणे ही वेगळी गोष्ट आहे, आणि माझ्या भाच्याचा प्रश्न तिथेच सुरू होतो.

आपल्याकडे हौसेची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवली. त्यापूर्वी वऱ्हाडात शिकारीचे परवाने मिळत, डाकबंगल्यांत साहेब उतरत, आणि बैठकीच्या भिंतीवर शिंगे असणे हे घरंदाजपणाचे लक्षण समजले जाई. ते गेले ते बरेच झाले. पण शेतकऱ्यासाठी दोन वाटा कायद्याने उघड्या ठेवल्या. पहिली त्याच कायद्याच्या ११ व्या कलमात. माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर कारणे नोंदवून रोह्यासारखे जनावर मारायची लेखी परवानगी देता येते. २०१५ साली महाराष्ट्र शासनाने रोही आणि रानडुकराच्या बाबतीत हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत खाली आणला. दुसरी वाट १९५९ च्या शस्त्र कायद्यात आहे. त्याचे १३ वे कलम पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक देऊ करते. ठासणीची बंदूक पुरी पडत नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर, देता येते. पीक राखणीच्या या कलमात रायफलीचे नाव नाही.

आता हा फरक कुणाला बारीकसा वाटेल. रायफलीच्या नळीत आतून आटे असतात, गोळी त्यातून गरगरत निघते आणि म्हणून सरळ जाते. बारा बोअरची नळी आतून आरशासारखी गुळगुळीत. 'बारा' हा आकडाही मजेदार आहे. त्या नळीत बसणाऱ्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड, म्हणून बारा बोअर. छर्ऱ्याचे काडतूस पस्तीस-चाळीस मीटरपर्यंत खरे काम करते, तेही पाखरासाठी किंवा सशासाठी. जाड छर्ऱ्याचे एल.जी. काडतूस डुकराला जवळून पाडते. रोही मात्र माणसाला त्या अंतरावर उभाच करत नाही. अमावस्येच्या रात्री, बॅटरीच्या उजेडात, साठ मीटरवर हिरवे डोळे चमकतात, आणि गडी त्या डोळ्यांच्या अंदाजाने बार टाकतो. दोन-तीन छर्रे पोटात, एक मांडीत. कळप उधळतो, आणखी अर्धा एकर तुडवतो आणि जखमी जनावर तीन दिवसांनी कुणाच्या तरी विहिरीजवळ मरून पडते. हे झाले बारा बोअरचे. ठासणीच्या बंदुकीत तर नळीच्या तोंडातून बारूद ओतायची, चिंधी घालायची, छर्रे सोडायचे, गजाने ठासायचे, टोपी बसवायची, आणि बार निघाला की पुन्हा पहिल्यापासून. आमच्या आजोबांकडे तसली बंदूक होती. तिने मारलेले जनावर मला आठवत नाही. आवाज मात्र चार शिवारांत जाई, आणि माझ्या मते तिचा खरा उपयोग तोच होता.

थोडक्यात, टेक्सासमधला हौशी माणूस ज्या जनावरासाठी एल्कची रायफल घेतो, त्याच जनावरासाठी मोताळ्याच्या शेतकऱ्याला आपण आजोबांच्या काळातली बंदूक देतो, आणि ती चालवायला पुरेसे शिकवत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांत शस्त्र हाताळण्याच्या सुरक्षिततेचे प्रशिक्षण आले, ही चांगली गोष्ट. पण बंदूक सांभाळणे वेगळे आणि अंधारात २०० किलोचे जनावर एका गोळीत पाडणे वेगळे.

रोही गावात आला कसा, हेही भाच्याला विचारण्यासारखे नव्हते, कारण त्याला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत. रोही मुळात दाट जंगलातला प्राणीच नाही. त्याला खुरटी झुडपे, माळ आणि उघडी जागा लागते. वऱ्हाडात प्रत्येक गावाला ई-क्लासची जमीन असे. ती गुरांची, आणि रात्री रोह्यांची. ती ठिकठिकाणी वहितीत गेली. त्याच वर्षांत सोयाबीन आले, तूर-हरभरा वाढला. माळावरचे वाळके गवत सोडून बारा महिने कोवळा पाला मिळू लागला तर कुठले जनावर परत जाईल? मादीला एका वेळी बहुधा दोन पिल्ले होतात. बिबट्या पिल्लू उचलतो, पण भरलेल्या नराच्या वाटेला सहसा जात नाही. त्याला आटोक्यात ठेवणारा वाघ आमच्याकडे राहिला नव्हता. २०१९ च्या अखेरीस टिपेश्वरहून चालत निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला एक तरुण वाघ तेलंगणातून फिरत शेकडो कोस तुडवून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन राहिला, तेव्हा वर्तमानपत्रांत मोठे फोटो आले. आमच्या भागातल्या काही शेतकऱ्यांनी त्याचे स्वागत केले ते पर्यटनासाठी नव्हे. त्यांनी सरळ हिशोब मांडला होता, की वाघ रोही खातो.

बंदूक नसली की गडी काय करतो? जागलीला जातो. पेरणी उगवल्यापासून मळणीपर्यंत, थंडीत, माळ्यावर घोंगडी पांघरून, डबा वाजवत. दिवसा शेत, रात्री जागल. तेवीस वर्षांच्या पोराला मुलगी सांगून आलेले लोक हे पाहतात आणि न बोलता निघून जातात. मग कुणी चिडून तारेत थेट खांबावरचा करंट सोडतो. तो गुन्हा आहे, आणि त्याच्यात रोह्याच्या आधी शेजाऱ्याचा बैल सापडतो, कधी शेजारीच सापडतो. भाचा बंदूक मागायला आला तो या रस्त्याला लागण्याऐवजी आला, म्हणून मी त्याला हसण्यावारी नेले नाही.

बिहारने २०१५ च्या शेवटी केंद्राकडून नीलगाय आणि रानडुकराला काही काळापुरते उपद्रवी ठरवून घेतले, आणि जून २०१६ मध्ये मोकामा भागात हैदराबादहून आलेल्या सराईत नेमबाजांनी दोनशेवर नीलगायी मारल्या. त्यावरून दिल्लीत मेनका गांधी आणि तेव्हाचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर हे दोन केंद्रीय मंत्री उघड भांडले. मला ते दृश्य आवडले असे म्हणणार नाही. पण रायफल सराईत हातात, दिवसाउजेडी, जनावर पुरते दिसत असताना, ही पद्धत रात्रीच्या छर्ऱ्यांपेक्षा कमी क्रूर आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मारायचेच ठरले, तर ते काम शासनाने शिकवलेल्या आणि पगारी नेमबाजांचे असावे. शेतकऱ्याच्या पोराच्या खांद्यावर ते टाकू नये. आपण 'गाय' हे नाव ऐकून हात जोडतो, खरे तर त्या जनावराचा सख्खा नातलग म्हणजे चौसिंगा, गाय लांबची. पण नावाचे वजन असते, आणि परवानगी हातात असूनही बार न टाकणारे शेतकरी मला ठाऊक आहेत. त्यांना मी भित्रे म्हणणार नाही.

भाच्याला मी कागदपत्रांचे सांगितले ते असे. परवान्याला वय एकवीस पूर्ण लागते, ते त्याचे झाले आहे. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, मग पोलिसांचा अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला. निवडणूक लागली की बंदूक बऱ्याचदा ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ ची विधानसभा नोव्हेंबरात आली, म्हणजे हरभरा जमिनीतून नुकता वर येत असताना. बंदूक मिळाली तरी रोही मारायला वनखात्याची परवानगी वेगळी, आणि मेलेले जनावर सरकारचे. त्याचा पंचनामा होऊन विल्हेवाट लागते, मांस घरी नेले तर तो गुन्हा. हे ऐकून तो म्हणाला, "मंग परवाना काढून फायदा काय मामा? आवाजच करायचा असंन तं फटाके सस्ते पडतात."

मी त्याला दोन गोष्टी सुचवल्या. एक, सौर कुंपणाचे झटका मशीन. बॅटरीवरचा, थांबून थांबून येणारा धक्का असतो, जनावर दचकते, मरत नाही. पण एकट्याने सहा एकरांना लावून रोही शेजाऱ्याकडे ढकलण्यात अर्थ नाही, चार बांधकऱ्यांनी मिळून एकच घेर घालावा, आणि तारेखालचे गवत दर आठवड्याला कापावे, नाहीतर धक्का गवतातून जमिनीत जातो. दुसरी गोष्ट त्याच्या हौसेसाठी. कारण खरे सांगायचे तर पीक हे कारण अर्धे होते, बाकी अर्धी बंदुकीची ओढ होती, ती तेवीसाव्या वर्षी असायचीच. १७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली छर्ऱ्याची एअर रायफल घ्यायला परवाना लागत नाही. एल्कसाठी ठरवलेल्या १३५० ज्यूलांपुढे ती खेळणे आहे, पण श्वास कुठे रोखायचा, चाप कसा दाबायचा, डोळा कसा उघडा ठेवायचा हे सगळे ती शिकवते. भिंत नाही, मातीचा ढीग पाठीशी ठेवायचा, आणि पाखरांवर झाडायची नाही, एवढी दोन वचने मी घेतली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीसारख्या लहान गावातून निघालेल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला पन्नास मीटर रायफलीत ऑलिंपिकचे कांस्यपदक घेतले. त्याची रायफलही पॉइंट टू टूच, माझ्या एन.सी.सी.च्या पोरांच्या बोअरची.

एअर रायफल घ्यायचे त्याला पटले. परवान्याचा अर्ज मात्र तो करणारच म्हणाला, आणि तो त्याचा हक्क आहे. मी कायद्याचे पुस्तक काढून त्याला वन्यजीव कायद्याचे ३४ वे कलम दाखवले. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा शस्त्र परवाना द्यायचा तर राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. ज्ञानगंगा अभयारण्य सुमारे २०५ चौरस किलोमीटरचे, बुलढाणा, मोताळा, खामगाव आणि चिखली या चार तालुक्यांना टेकलेले. त्याच्या कडेने दहा किलोमीटरची रेघ ओढली तर ज्या गावांना रोह्याचा सगळ्यात जास्त त्रास आहे ती बहुतेक त्या रेघेच्या आतच येतात. भाच्याच्या शेताचा उत्तरेकडचा बांध तर अभयारण्याचीच हद्द आहे. त्याने कलम दोनदा वाचले, पानाचा मोबाइलवर फोटो काढला आणि संमतीचा अर्ज बुलढाण्याच्या कार्यालयात द्यायचा की थेट नागपूरला पाठवायचा, ते विचारले.